हिरवं दिसतंय तोवर

निपाणीच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवा पेशंट आला की त्याची पहिली गाठ सुमनआक्कांशी पडायची, आणि त्यांच्यासमोर बसल्यावर बहुतेक जण जरा गप्प व्हायचे. आक्कांचा डावा डोळा पांढरा होता. बुबुळावर वाटाण्याएवढं फूल पडलेलं, लांबूनही दिसणारं. काळा चष्मा त्या कधी वापरायच्या नाहीत. एकदा एक म्हातारा मुलाच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की हिचाच डोळा गेलाय, ही माझा काय बघणार. मुलगा ओशाळला. आक्कांनी तपासणीचं मशीन म्हाताऱ्याच्या उंचीला आणलं आणि म्हणाल्या, "गेलाय की. तुमचा जाऊ नये म्हणून तर हितं बसलोय. हनुवटी टेका, आप्पा."

म्हाताऱ्यानं मुकाट्यानं हनुवटी टेकली.

मी त्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर सात वर्षं काम केलं. माझं घर बेळगावात, शहापुरात. निपाणीत खोली घेऊन राहायचे. माझं टेबल आणि आक्कांची तपासणीची खोली यांच्यामध्ये एक पडदा होता, तोही बहुतेक वेळा बाजूला सारलेला. त्यामुळं त्या सात वर्षांत त्यांचं जेवढं बोलणं माझ्या कानावर पडलं तेवढं घरच्या माणसांचंही पडलं नसेल.

आक्का डॉक्टर नव्हत्या, नेत्रसहायक होत्या. नंबर काढायचा, थेंब घालायचे, डॉक्टरांच्या आधी डोळा बघून कागदावर मांडायचा, हे त्यांचं काम. आमचे डॉक्टर मात्र कागद वाचण्याआधी आक्कांच्या तोंडाकडं बघायचे. आक्कांनी भुवया आवळलेल्या असल्या की ते हातातला चहा खाली ठेवायचे.

आक्का बुटक्या, अंगानं भरलेल्या, फिक्या रंगाची सुती साडी, घट्ट आंबाडा, नखं कायम कापलेली. प्रत्येक पेशंटनंतर कोपरापर्यंत हात धुवायच्या. थंडीत हात फुटून भेगा पडायच्या, तरी धुवायच्या. ही सवय त्यांना आईकडून लागली होती. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी घरी आली की हात, तोंड, केस धुतल्याशिवाय पोरांना जवळ घ्यायची नाही. लहानपणी आक्कांना वाटायचं, सगळ्यांच्याच आया दारात अशा थांबतात. त्याच आईनं पाठी लागून त्यांना शिकवलं. भाऊ वकील झाला, बेळगावच्या कोर्टात उभा राहतो. आक्कांना डोळ्यांचाच कोर्स करायचा होता. लग्न त्यांनी केलं नाही. घरी सकाळी बुद्धवंदना झाली की आठच्या ठोक्याला दवाखान्यात, मग आदल्या दिवशी ताप असो नाहीतर घरी पाहुणे.

पेशंट खुर्चीत बसला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बाटल्या काढा." कुणी खिशातून, कुणी पदराच्या गाठीतून, कुणी पिशवीच्या तळातून, आतापर्यंत डोळ्यात जे जे घातलं ते बाहेर काढायचं. एरंडेल, मध, कसल्यातरी पाल्याचा रस, मेडिकलमधून आणलेले थेंब. आक्का एकेका बाटलीचं टोपण काढून वास घ्यायच्या, टेबलावर ओळीनं मांडायच्या आणि कुणी घातलं एवढंच विचारायच्या. रागवायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही. तर म्हणाल्या, "ज्यानं घातलं त्यानं मायेनं घातलं असतंय गं. त्याला शिव्या देऊन डोळा बरा होत न्हाय."

दुसरं वाक्य, डोळा चोळू नका. हे मराठीत, आणि लगेच कन्नडमध्ये, "कण्ण तिक्कब्याड्री." आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांना दोन्ही कळायचं, पण आक्का दोन्हीत सांगायच्याच. एकदा ऐकलेलं लोक विसरतात, दोनदा ऐकलेलं घरी जाऊन सांगतात, असं त्यांचं म्हणणं.

मग निळा दिवा. नारिंगी रंगाच्या कागदाची एक बारीक पट्टी त्या पापणीच्या आत टेकवायच्या, डोळा पिवळा व्हायचा. वर निळा उजेड टाकला की बुबुळावर जिथं जखम असेल तेवढीच जागा हिरवीगार उजळायची. धड जागा तशीच काळी. आक्का त्याचा फोटो मोबाइलवर काढून बरोबरच्या माणसाला दाखवायच्या. घड्याळाला काच असते तशी डोळ्यालाही असते, तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं साल असतं, ते निघालं की आत काहीही शिरतं, असं समजावायच्या. शेवटी म्हणायच्या, "हे हिरवं दिसतंय तोवर थेंब चुकवायचा न्हाय."

त्यांच्या स्वतःच्या डोळ्याची हकिकत मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळली, तीही चहा पिता पिता. आठ वर्षांच्या असताना मावशीच्या गावी बांधावरून पळताना उसाचं पातं डोळ्याला लागलं. साधा ओरखडा. शेजारणीनं रस पिळला, कुणी काजळ भरलं. तीन आठवड्यांनी वडील मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा तिथले डॉक्टर वडिलांना एवढंच म्हणाले की थोडं आधी यायचं. वडील मरेपर्यंत मधूनच ते वाक्य बोलायचे, समोर कुणी नसतानासुद्धा. हे सांगून आक्कांनी कप धुतला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ऊसतोडीच्या दिवसांत असे डोळे रोज यायचे. त्यातले बरेच जण मेडिकलमधून परस्पर थेंब घेऊन आलेले असत. त्या थेंबांनी दोन दिवस लाली उतरते, माणसाला बरं वाटतं, आणि आत बुरशी असेल तर ती मोकाट वाढते. एका हिवाळ्यात असे चार पेशंट लागोपाठ आले. त्यातल्या एकाचा, कोगनोळी बाजूच्या शेतकऱ्याचा, डोळा काढावाच लागला. तो माणूस जाताना आक्कांना नमस्कार करून गेला. आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. मराठीत आणि कन्नडमध्ये हातानं लिहिलेला एक कागद होता, त्याच्या झेरॉक्स काढलेल्या. डोळ्याला पातं, काडी, भुसा लागला असेल तर थेंब देऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा, एवढाच मजकूर. आम्ही गावातल्या एकेका मेडिकलमध्ये गेलो. बहुतेकांनी कागद घेतला. एका दुकानदाराला मात्र राग आला. तुम्ही मला धंदा शिकवणार का, असं तो सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. मला वाटलं आता वाजणार. आक्का त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या. गर्दी ओसरेपर्यंत बसून राहिल्या. मग आपली हकिकत त्याला सांगितली, जशी मला सांगितली होती तशीच, वडिलांच्या त्या वाक्यासकट. पंधरा दिवसांनी एक बाई त्याच्या दुकानाच्या चिठ्ठीच्या कागदावर लिहून घेऊन आली: उसाचं पातं लागलंय, काही दिलेलं नाही. आक्कांनी ती चिठ्ठी मला वाचून दाखवली, आणि नंतर डॉक्टरांना, आणि मग झाडूवाल्या मावशींनाही.

रेणुका आली ती त्याच मोसमात. सदलग्याची, वय सव्वीस-सत्तावीस, ब्लाउज शिवायची. उजवा डोळा जन्मापासून अधू, त्यातून फक्त उजेड-अंधार कळायचा. जनावरांना उसाच्या शेंड्याचं वाढं गोळा करताना पातं लागलं ते डाव्या, चांगल्या डोळ्याला. पाच दिवस घरी गेले होते. बरोबर नवरा बसवराज आणि सासू गंगव्वा. 'बाटल्या काढा' म्हटल्यावर गंगव्वानं एरंडेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि खाली बघत बसली.

निळ्या उजेडात बुबुळाचा जवळजवळ तिसरा भाग हिरवा दिसला. डॉक्टरांनी जखमेचा थोडा अंश खरवडून काचेवर घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे निघाले. तिला दाखल करून घेतलं. दर तासाला थेंब, रात्रंदिवस. ते थेंब झोंबायचे; रेणुका पलंगाची कड घट्ट धरायची, पण डोळा मिटायची नाही. दुखण्याबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. पुन्हा सुईत दोरा ओवता येईल का, एवढंच विचारलं. आक्का म्हणाल्या की ते आज सांगता येणार नाही, आणि जे सांगता येत नाही ते मी सांगत नाही.

सातव्या दिवशी बसवराजच्या शेतात तोडीची टोळी आली. ती परत गेली असती तर ऊस महिनाभर रानात वाळला असता. घरी दोन लहान मुलं आणि म्हशी शेजाऱ्यांच्या जिवावर. तो माझ्या टेबलाशी येऊन बायकोला सोडा म्हणाला. डॉक्टर चिडले. आता घरी नेलं तर डोळा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बसवराजला ते कळत होतं. त्याच्या चेहऱ्यावर सात दिवसांचं जागरण दिसत होतं. आक्का त्याला बाहेर बाकावर घेऊन गेल्या, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की घरी दर तासाला थेंब कोण घालणार.

"मी," मागून गंगव्वा म्हणाली.

आठवड्यात ती पहिल्यांदाच बोलत होती. तिला घड्याळ कळत नव्हतं, अक्षरओळख नव्हती, हात किंचित कापायचा. आक्कांनी तिला आत नेलं, तिचे हात आपल्या पद्धतीनं धुवायला लावले, हातात साध्या थेंबांची नवी बाटली दिली, आणि स्वतः खुर्चीत बसून मान मागे केली. आपला पांढरा डोळा उघडा धरून म्हणाल्या, "घाला." पहिला थेंब गालावर पडला, दुसरा नाकावर. गंगव्वानं पदरानं त्यांचा गाल पुसला आणि पुन्हा हात धुवायला गेली. तासाभरात दहापैकी नऊ थेंब डोळ्यात पडायला लागले. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, एक दिवसाआड कुणीतरी डोळा बघितला पाहिजे. आक्का म्हणाल्या, मी जातो.

घड्याळाचं कोडं आक्कांनी असं सोडवलं. घरात टीव्हीवरच्या कार्यक्रमांवरून तास कळायचा, शेजारची सून सांगायची. गंगव्वाकडून चुकू नये म्हणून दोन वाट्या दिल्या. रात्रीचे थेंब डॉक्टरांनी आता बंद केले होते, म्हणून एकीत सकाळी सोळा तासांच्या सोळा शेंगा मोजून ठेवायच्या. थेंब घातला की एक शेंग दुसऱ्या वाटीत. शेंग न हलवता उठायचं नाही. बाटली आधी हलवायची, कारण औषध तळाशी बसतं, हेही तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं.

मग तीन आठवडे आक्का एक दिवसाआड दवाखाना सुटला की दोन बसा बदलून सदलग्याला जायच्या, पिशवीत निळी टॉर्च, पट्ट्या आणि एक वही घेऊन. एकदा मीही गेले. रेणुकाच्या घरी मधली खोली अंधारी करून ठेवलेली. आक्कांनी टॉर्च मारली, बराच वेळ बघितलं, मग वहीत एक गोल काढला आणि त्यात जखमेचा आकार रेघांनी भरला. आधीच्या पानांवर असेच गोल होते. मला त्यातला फरक कळला नाही. रेणुकानं विचारलं, कमी आहे का.

"कमी न्हाय," आक्का म्हणाल्या. "पण तीन पानं झाली, वाढलंबी न्हाय. आज एवढंच सांगतो."

गंगव्वा उठली आणि हात धुवायला गेली, कारण तास भरला होता.

पुढच्या पानापासून गोलातल्या रेघा कमी व्हायला लागल्या. आधी कडेनं, मग मधून. एका संध्याकाळी आक्कांचा सदलग्याहून मला फोन आला. एवढंच म्हणाल्या, "हिरवं न्हाय." त्यांच्या मागे भांड्यांचा आणि मुलांचा आवाज येत होता, आणि गंगव्वा कन्नडमध्ये कुणाला तरी बसायला सांगत होती.

बुबुळाच्या खालच्या कडेला एक पांढुरका डाग राहिला, पण मधली जागा मोकळी झाली. चष्मा लागला. चार महिन्यांनी रेणुका दवाखान्यात आली ती आक्कांसाठी स्वतः शिवलेलं ब्लाउज घेऊन. माप अंदाजानं घेतलेलं, बाह्या दंडात रुतायच्या. आक्का ते दर बुधवारी घालायच्या आणि दुपारपर्यंत हात वर करताना कुरकुरायच्या. त्याच भेटीत गंगव्वानं पहिल्यांदा तोंडानं कबूल केलं, की एरंडेल मीच घातलं होतं. आक्का म्हणाल्या, म्हायत हाय की, आणि शेंगाबी तुमीच मोजल्या.

इतकं सगळं करणाऱ्या आक्का स्वतःच्या डोळ्याचं नाव काढू देत नसत. डॉक्टर दर वर्षी सांगायचे, नाव नोंदवा, दान आलेल्या डोळ्याची काच बसवता येईल. आठ वर्षांपर्यंत त्या डोळ्यानं बघितलेलं आहे, थोडी तरी नजर येईल. आक्का म्हणायच्या, ज्यांचे दोन्ही गेलेत त्यांना आधी द्या. सगळ्यांना हे फार मोठं वाटायचं, मलाही. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "तसलं काय न्हाय, विद्या. मला भ्या वाटतंय. दुसऱ्याला धीर देणं लई सोपं असतंय."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी सात वाजता रेणुकाचा फोन आला. गंगव्वा पहाटे झोपेतच गेली होती. रेणुकानं पाहुण्यांना कळवण्याआधी आक्कांना कळवलं. सासूचे डोळे द्यायचे आहेत, म्हणाली. तिनं स्वतः सांगून ठेवलंय. पंखा बंद केला होता, डोळे मिटून वर ओला कापूस ठेवला होता, डोक्याखाली उशी दिली होती. हे सगळं तिनं दवाखान्याच्या भिंतीवरच्या कागदावर वाचलेलं. आक्कांनी नेत्रपेढीला फोन लावला आणि त्यांच्या जीपमध्ये बसून गेल्या.

तिथं काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. बसवराजचे चुलते दारात आडवे झाले. डोळे काढले तर ही पुढच्या जन्मी आंधळी जन्मेल, म्हणाले. आक्का काही बोलणार एवढ्यात रेणुका पुढं झाली. एरवी ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. ती म्हणाली, "मामंजी, ह्या बाईनं शेंगा मोजून मोजून माझा डोळा ठेवला. तिची शेवटची गोष्ट मी मोडणार न्हाय." बसवराज तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. चुलते बाजूला झाले. वीस मिनिटांत काम झालं. नंतर गंगव्वा अगदी झोपल्यासारखी दिसत होती, हे बघून चुलतेही जरा निवळले.

त्या गोष्टीनंतर आठवड्याभरात आक्कांनी स्वतःचं नाव नोंदवलं. मला सांगितलंही नाही. कागदावर सही करायला डॉक्टरांकडं गेल्या तेव्हा मी पडद्याआडून ऐकलं.

त्यांची पाळी यायला वर्ष लागलं. तोपर्यंत मी बेळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात लागले होते. शस्त्रक्रिया बेळगावातच झाली, त्यामुळं डबा न्यायचं काम माझ्याकडं आलं. काच कुणाची आली ते कुणी सांगत नाही, आणि आक्कांनीही विचारलं नाही. आदल्या दुपारी त्यांचा हात धरला तर बर्फासारखा गार. भाऊ बाहेर येरझाऱ्या घालत होता.

पेशंट म्हणून त्या फार वाईट. थेंब घालायला आलेल्या नव्या सिस्टरला त्यांनी दोनदा परत हात धुवायला पाठवलं. पट्टी उघडली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी समोर बोटं धरून किती दिसतात विचारलं. आक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग सिस्टरला म्हणाल्या, "बोटं न्हाईत. हात हालताना दिसतोय. तसं लिहा." जी नोंद त्या आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर करत आल्या, ती त्यांनी शांतपणे आपली आपण सांगितली. भाऊ मात्र रडायला लागला.

तीन महिन्यांनी मी निपाणीला त्यांना भेटायला गेले. डोळ्यात अजून टाके होते, चष्मा होता, धुळीत जायला बंदी होती. दवाखान्यात परत जायचं डॉक्टर अजून नाही म्हणत होते, त्यावर त्यांची नाराजी. फुलाच्या जागी काळं बुबुळ बघायची सवय नव्हती. बोलताना मी सारखी त्यांच्या डोळ्याकडं बघत होते आणि त्या बघू देत होत्या. जेवण झालं. दुपारच्या बसला पोचवायला आल्याच, नको म्हणत असताना.

स्टँडवर बेळगावची बस लागली होती. मी खिडकीशी बसले. आक्का खाली उभ्या. त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला आणि मान वर केली.

"पाटी वाचता का?" मी विचारलं.

"तुझ्या बसची न्हाय. ती कुठं जात्या ते म्हायत हाय मला, त्याला काय अर्थ." त्यांनी पलीकडच्या गाडीकडं मान वळवली. कन्नडमधली मोठी, ठळक अक्षरं होती. त्या एक पाऊल पुढं गेल्या, थांबल्या, आणखी अर्धं पाऊल गेल्या. "चि," म्हणाल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "चिक्कोडी हाय व्हय गं?"

मी व्हय म्हटलं.

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली तेव्हा मी खिडकीतून हात बाहेर काढला, पण आक्कांचं लक्ष नव्हतं. त्या तिसऱ्या गाडीसमोर गेल्या होत्या. उजव्या डोळ्यावर तळहात, मान वर, ओठ हलत होते. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मी हाक मारली नाही. बस वळेपर्यंत बघत राहिले. त्या अजून त्याच पाटीवर होत्या.